ट्रकचा अल्टरनेटर बदलण्यापूर्वी विजेचा जमाखर्च मांडा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, कोठलाही कापडबाजार घ्या, माल शेवटी ट्रकवरच चढतो. आम्ही व्यापारी गाठी मोजतो, बिल्टी तपासतो, ताडपत्री नीट बांधली की नाही ते पाहतो, भाड्यात शे-दोनशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. परंतु ज्या गाडीवर आमचे लाखो रुपये चढतात, तिच्या इंजिनजवळ काय चालले आहे याकडे आम्ही ढुंकूनही पाहत नाही. ते काम ड्रायव्हरचे आणि मिस्त्रीचे, असे म्हणून मोकळे होतो.

गेल्या काही वर्षांत ट्रकची केबिन मात्र पार बदलली आहे. पूर्वी दोन हेडलाइट, दोन-चार बल्ब, हॉर्न आणि वायपर एवढाच विजेचा खर्च असे. आता केबिनमध्ये पंखे आहेत, म्युझिक आहे, दोन-तीन मोबाइलचे चार्जिंग आहे, जीपीएस आणि कॅमेरा आहे, बाहेर सजावटीच्या दिव्यांच्या माळा आहेत. काही गाड्यांत इन्व्हर्टर बसविलेला असतो, तर काहींच्या छतावर बॅटरीवर चालणारा एसी. ही सर्व वीज एकाच ठिकाणाहून येते, ते म्हणजे इंजिनच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. खर्च वाढला की तो अपुरा पडू लागतो, बॅटरी वरचेवर उतरते, आणि मग कोणीतरी सल्ला देतो, "मोठा अल्टरनेटर टाकून घ्या, सगळे ठीक होईल."

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि विजेच्या कामात अर्धा सल्ला महागात पडतो. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत आणि जे दुसऱ्यांच्या गाड्यांवर माल चढवितात, अशा दोन्ही वाचकांसाठी हा विषय येथे सविस्तर मांडत आहोत.

डायनमो गेला, नाव राहिले

आपल्याकडे बहुतेक मिस्त्री आजही अल्टरनेटरला डायनमोच म्हणतात. वस्तुतः दोन्ही यंत्रे वेगळी आहेत. जुना डायनमो थेट डीसी वीज देत असे, पण इंजिन हळू चालू असताना तो जवळजवळ काहीच देत नसे. सेमीकंडक्टर डायोड स्वस्त झाले तेव्हा अल्टरनेटर आला. १९६० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलिएंट मोटारीत तो दिला आणि पुढे सर्वत्र तोच रूढ झाला.

याचे काम समजण्यास अवघड नाही. आत फिरणारा रोटर असतो. कार्बन ब्रश आणि स्लिप रिंगमधून त्याला थोडी वीज देऊन त्याचे चुंबक केले जाते. भोवतालच्या स्टेटरच्या गुंडाळीत एसी वीज तयार होते, आणि डायोड प्लेट तिला डीसी करून बॅटरीकडे पाठविते. रेग्युलेटर, ज्याला अजूनही कोणी कोणी कटआउट म्हणतात, तो व्होल्टेज हद्दीत ठेवतो. लहान टेम्पो बहुधा १२ व्होल्टचे असतात, त्यांत चार्जिंग साधारण १४ व्होल्टच्या आसपास दिसते. मोठे ट्रक २४ व्होल्टचे, त्यांत २८ व्होल्टच्या आसपास.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की मोठ्या अँपियरचा अल्टरनेटर बसविला तर तो जबरदस्तीने जास्त वीज ढकलून बॅटरी जाळील. तसे होत नाही. व्होल्टेज रेग्युलेटर ठरवितो, आणि अँपियर किती जातील ते खर्च करणारी उपकरणे ठरवितात. १०० अँपियरच्या यंत्राकडे ३० मागितले तर ते ३० च देईल. दुकानात शंभर थान असले म्हणून गिऱ्हाईक शंभर थान उचलत नाही, तसेच हे.

आमदनी, खर्च आणि मुद्दल

व्यापाऱ्याला हा विषय व्यापाराच्या भाषेत सांगितलेला बरा. अल्टरनेटर ही गाडीची आमदनी आहे. दिवे, पंखे, एसी हा खर्च आहे. बॅटरी हे मुद्दल आहे. आमदनीपेक्षा खर्च जास्त झाला तर फरक मुद्दलातून जातो. काही तास कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि नंतर एके ठिकाणी सेल्फ मारला की गाडी उठत नाही.

एक नमुन्याचा हिशेब करून पाहू. २४ व्होल्टचा ट्रक, रात्रीची वेळ, पाऊस चालू. हॅलोजन हेडलाइट दोन मिळून १५० वॅट. टेल लॅम्प, साइड मार्कर, नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्ड मिळून १००. वायपर १००. पंखे ६०. म्युझिक ६०. मोबाइल, जीपीएस, कॅमेरा ३०. सजावटीचे बल्ब १००. एकूण ६०० वॅट. याला २८ ने भागले की सुमारे २१ अँपियर येतात. गाडीवर ४५ अँपियरचा अल्टरनेटर असेल तर एवढा खर्च तो आरामात उचलतो.

आता छतावर ८०० वॅटचा बॅटरीचा एसी बसविला आणि इन्व्हर्टरने आणखी ३५० वॅट ओढले. एकूण झाले १७५० वॅट, म्हणजे साडेबासष्ट अँपियर. ४५ अँपियरचा अल्टरनेटर पूर्ण ताकदीने चालला तरी दर तासाला साडेसतरा अँपियरची तूट येते. चार तासांत ७० अँपियर-तास मुद्दलातून गेले, म्हणजे १५० अँपियर-तासाच्या बॅटरीतले जवळपास निम्मे. लीड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरू लागली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. मग मालक बॅटरीवाल्याला दोष देतो. बॅटरीचा कसूर नसतो, हिशेब चुकलेला असतो.

या गाडीला किती अँपियर हवे? खर्चाचे साडेबासष्ट, बॅटरी भरून काढण्यासाठी आणखी बारा-तेरा, म्हणजे ७५. त्यावर पाव हिस्सा शिल्लक धरली तर ९४. अर्थात १०० अँपियरचे यंत्र योग्य ठरेल. नवा अल्टरनेटर निवडण्याची रीत हीच. आधी उपकरणांची यादी, मग बेरीज, मग खरेदी. शेजारच्या गाडीवाल्याने १५० चा टाकला म्हणून आपणही टाकावा, ही रीत नव्हे.

लेबलावरचा आकडा आणि हाती येणारा आकडा

अल्टरनेटरच्या लेबलावर १०० अँपियर लिहिले असले तरी ते नेहमी १०० देत नाही. हा आकडा यंत्र वेगाने, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असतानाचा असतो. ट्रकचे इंजिन आयडलवर ६००-७०० फेऱ्यांनी चालते. पुली लहान असल्याने अल्टरनेटर त्याच्या तिपटीच्या आसपास फिरतो, तरी २००० फेऱ्यांपर्यंतच पोहोचतो. त्या वेगाला पुष्कळ अल्टरनेटर लेबलाच्या निम्म्याच्या आसपासच वीज देतात. त्यातून यंत्र गरम झाले की आणखी कमी.

म्हणून ज्यांची गाडी तासन्‌तास नाक्यावर, गोदामाच्या रांगेत किंवा ट्रॅफिकमध्ये उभी राहते त्यांनी कमी वेगाला यंत्र किती देते हा प्रश्न आधी विचारावा. काही कंपन्या लेबलावर दोन आकडे देतात, पहिला कमी वेगाचा आणि दुसरा पूर्ण वेगाचा. दुकानदार नेहमी मोठा आकडा सांगतो. आपण लहान आकडा विचारावा.

पुली आणखी लहान केली तर आयडलला वीज वाढते हे खरे, परंतु महामार्गावर इंजिन वेगात असताना रोटर कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे फिरेल आणि बेअरिंग, ब्रश लवकर जातील. हा उपाय मापे पाहूनच करावा.

अर्ध्या कामाचे उदाहरण

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गाडीमालकाने ग्रे कापडाच्या गाठी घेऊन पालीला जाणाऱ्या ट्रकमध्ये हेच केले. बॅटरी दोनदा वाटेत उतरली होती. प्रोसेस हाउसची ठरलेली पाळी चुकली, माल चार दिवस पडून राहिला आणि भाड्यातून दंड कापला गेला. वैतागून त्यांनी १०० अँपियरचा अल्टरनेटर बसविला. यंत्र चांगले होते, बिलासह घेतलेले होते. परंतु बॅटरीपर्यंत जाणारी वायर जुनीच राहिली, कारण मिस्त्री म्हणाला, "ही चालेल, कंपनीची आहे."

वायर कंपनीचीच होती, पण ४५ अँपियरसाठी होती. पंधरवड्याने ड्रायव्हरला केबिनमध्ये प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. माणूस हुशार, त्याने गाडी बाजूला घेऊन सर्व उपकरणे बंद केली, इंजिन बंद केले आणि बॅटरीचा कट-ऑफ खाली केला. पाहतो तर वायरचे आवरण दोन वीत वितळून शेजारच्या वायरींना चिकटलेले. पाठीमागे कापसाच्या कापडाचा पूर्ण लोड होता. तो वास त्याला झोपेत आला असता तर काय झाले असते, हे कापडवाल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. सुती कापडाच्या गाठीत शिरलेली आग आतल्या आत धुमसत राहते, वरून पाणी मारून ती सहज विझत नाही.

वायर, सांधा, फ्यूज आणि अर्थ

उर्दू शाळांत शिकलेल्या वाचकांना विज्ञानाच्या पुस्तकातील 'मुजाहमत' हा शब्द आठवत असेल. प्रत्येक वायर विजेला थोडा अडथळा करते. वायर जितकी बारीक आणि लांब, तितका अडथळा जास्त. आणि या अडथळ्याची उष्णता अँपियरच्या वर्गाने वाढते. अँपियर दुप्पट झाले की उष्णता चौपट होते. सारी गोम येथेच आहे.

तीन मीटर लांबीची, १० चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर घ्या. १०० अँपियर गेले तर तिच्यात अर्ध्या व्होल्टहून थोडी जास्त घट होते आणि ५२ वॅट उष्णता तयार होते. तीच वायर ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट केवळ ०.१५ व्होल्ट आणि उष्णता १५ वॅट. म्हणून अल्टरनेटर मोठा करताना तेथून बॅटरीपर्यंतची वायर त्याच हिशेबाने मोठी करणे आवश्यक आहे. ती अस्सल तांब्याची असावी. वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही बाजारात मिळते. ती वजनाला हलकी असते आणि खरवडली की आतून पांढरी निघते.

वायरीपेक्षाही धोकादायक असतो तो सैल सांधा. एखाद्या थिंबलच्या सैल पकडीत एक ओहमचा शंभरावा हिस्सा एवढाच अडथळा धरा. १०० अँपियरला त्या एका बिंदूवर १०० वॅट उष्णता तयार होते, मोठ्या सोल्डरिंग आयर्नएवढी. म्हणून थिंबल पक्कडीने चेपू नये, त्याच्या योग्य हत्याराने दाबून घ्यावे. वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तेथे रबरी बुश घालावा. गाडीच्या कंपनाने पत्र्याची धार आवरण कापते आणि बॉडीला शॉर्ट होते.

फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. कारण इंजिन बंद असले तरी या वायरीत बॅटरीची वीज उभीच असते. फ्यूज वायरीच्या कुवतीनुसार निवडावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार गुंडाळणे म्हणजे चौकीदाराचे हातपाय बांधून दुकान उघडे टाकणे.

चौथी गोष्ट अर्थ. जेवढी वीज जाते तेवढीच परत यावी लागते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी पट्टी असते. ती गंजलेली, अर्धी तुटलेली असेल तर नवा अल्टरनेटरही मरतुकडा वाटतो. नवी जाड पट्टी, रंग खरवडून, घट्ट बसवावी. खर्च किरकोळ, फायदा मोठा.

पट्टा आणि डिझेल

अल्टरनेटर वीज फुकट देत नाही, इंजिनची ताकद खातो. त्याची कार्यक्षमता साधारण ५५ ते ६० टक्के धरली तर १०० अँपियर, २८ व्होल्ट, म्हणजे २८०० वॅट देण्यासाठी त्याला सुमारे साडेसहा हॉर्सपॉवर लागतात. साध्या यंत्रमागाला एक हॉर्सपॉवरची मोटर धरली तर सहा-साडेसहा मागांइतका हा भार झाला. तो एकाच जुन्या व्ही-बेल्टवर टाकला तर पट्टा घसरतो, चर्र असा आवाज करतो, पुली तापते आणि चार्जिंग पडते. त्यासाठी दुहेरी पट्टा किंवा अनेक खाचांचा रुंद पट्टा लागतो. ताणही बरोबर हवा. ढिला असेल तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो.

डिझेलचा हिशेबही करून पाहा. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिन चांगल्या स्थितीत तिचा ४० टक्के उपयोग करते, त्यातील निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा अल्टरनेटरमधून वीज होऊन बाहेर येतो. म्हणजे एका युनिटला जवळपास अर्धा लिटर डिझेल. आयडलवर याहूनही जास्त. यंत्रमागाच्या विजेचा दर वाढला की आम्ही मोर्चे काढतो. त्याच्या कितीतरी पट महाग वीज ट्रकच्या सजावटीत जळते आणि कोणी विचारत नाही.

म्हणून पहिला उपाय खर्च कमी करण्याचा. सजावटीचे व मार्करचे बल्ब काढून एलईडी लावले तर १०० वॅटचे काम २० वॅटमध्ये होते. मात्र हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारू एलईडी कोंबू नये. प्रकाश फाटतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. काही गाड्यांत एवढी काटकसर केल्यावर मोठ्या अल्टरनेटरची गरजच उरत नाही.

इंजिन बंद असताना

सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. अल्टरनेटर कितीही मोठा असो, इंजिन बंद केले की त्याची आमदनी शून्य. ड्रायव्हर ढाब्यावर गाडी बंद करून छतावरचा एसी लावून झोपला तर सारा खर्च बॅटरीतून होतो. १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासाच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्टला ३६०० वॅट-तास साठा होतो. निम्मा वापरावयाचा म्हटले तर १८००. ७०० वॅटचा एसी त्यावर अडीच तास चालेल, रात्रभर नव्हे.

ज्यांना मुक्कामात एसी चालवावयाचा आहे त्यांनी त्यासाठी वेगळी बॅटरी ठेवावी आणि मध्ये आयसोलेटर बसवावा. इंजिन चालू असताना दोन्ही भरतात, बंद असताना सेल्फची बॅटरी वेगळी पडून सुरक्षित राहते. अल्टरनेटर मोठा करण्याचा खरा फायदा अशा गाडीला मिळतो, कारण वापरलेली वीज पुढच्या प्रवासात भरून निघते.

आणखी एक वाईट प्रथा. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टचा टेप किंवा चार्जर चालविण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. परिणामी एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडविते. दोन्ही लवकर मरतात. यासाठी २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "अल्टरनेटर चालतो का" हे पाहण्याची जुनी सवयही सोडावी. त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि डायोड, रेग्युलेटर व इतर इलेक्ट्रॉनिक वस्तू जळू शकतात. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी मात्र, इंजिन बंद करून, बॅटरी व अल्टरनेटरच्या वायरी अवश्य काढाव्यात.

नवे नियम, नव्या गाड्या

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. कंपनीच्या अशा एसीचा कॉम्प्रेसर सामान्यतः इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. वीज फक्त ब्लोअर, पंखा आणि क्लचला लागते, आणि कंपनीने तेवढी सोय केलेली असते. जुन्या गाडीच्या छतावर बसविण्यात येणारा एसी मात्र पूर्णपणे विजेवर चालतो. दोन्ही एकच समजू नयेत.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतील पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरचे नियंत्रण इंजिनच्या कॉम्प्युटरशी जोडलेले असते. तेथे केवळ माउंटिंग जुळते म्हणून दुसरा अल्टरनेटर बसविला तर चार्जिंग बिघडते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा गाडीला कंपनीने मान्य केलेला भागच घ्यावा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी लेखी विचारणा करावी. छत कापून एसी बसविण्यासारखा फेरफार असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ ध्यानात घेऊन आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. आग लागल्यावर सर्वेअर प्रथम वायरिंगच पाहतो.

काम झाल्यावर तपासणी

काम झाले की दुकानातून लगेच निघू नये. एक साधा मीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर पुरेसा आहे. यंत्रमागाच्या वायरमनकडे असतो तो क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतो, त्याचा येथे उपयोग नाही.

पहिली गोष्ट, सर्व उपकरणे चालू करून इंजिन मध्यम वेगावर ठेवावे आणि बॅटरीवर व्होल्टेज पाहावे. २४ व्होल्टच्या गाडीत ते साडेसत्तावीसच्या खाली जाऊ नये. आयडलला ते पंचवीसवर येत असेल तर बॅटरी खर्ची पडत आहे असे समजावे. दुसरी, अल्टरनेटरचा प्लस आणि बॅटरीचा प्लस यांमधील फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल तर वायर किंवा सांधा कमजोर आहे. तिसरी, अर्धा तास गाडी चालवून इंजिन बंद करावे आणि प्रत्येक थिंबलजवळ हात नेऊन पाहावे. जेथे चटका जाणवेल तेथे काम पुन्हा करून घ्यावे. चौथी, सकाळी इंजिन थंड असताना अल्टरनेटरला हात लावावा. रात्रभर बंद असूनही तो कोमट लागला तर डायोड गळत आहे आणि बॅटरी गुपचूप खाली होत आहे.

कबाडातून घेतलेल्या किंवा पुन्हा गुंडाळलेल्या अल्टरनेटरबद्दल आमचे मत विचाराल तर, चांगल्या उस्तादाने गुंडाळलेले यंत्र वर्षानुवर्षे चालते. परंतु नव्या रंगाखाली जुने बेअरिंग आणि हलके डायोड देणारेही याच बाजारात आहेत. बिल, लेखी गॅरंटी आणि लोडवर चाचणी, या तीन गोष्टींशिवाय पैसे मोजू नयेत.

भाडे देणाऱ्याची जबाबदारी

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंना एक गोष्ट सांगावयाची आहे. पुष्कळांना ड्रायव्हरच्या केबिनमधील पंखा आणि एसी हा चैनीचा विषय वाटतो. मे महिन्यात दुपारी इंजिनला लागून बसणाऱ्या माणसाला तसे वाटत नाही. रात्री नीट न झोपलेला ड्रायव्हर आमचा माल घेऊन घाट उतरतो, तेव्हा त्याची झोप ही त्याची एकट्याची बाब राहत नाही. त्याला हवा, प्रकाश आणि चार्ज असलेला फोन मिळाला पाहिजे. प्रश्न फक्त तो रीतसर मिळावा एवढाच आहे.

आणि रीतसर कामाला पैसे लागतात. एका गाडीचा मालक, हप्ते भरणारा, जेव्हा मोठा अल्टरनेटर घेतो पण वायर, फ्यूज आणि पट्टा "पुढच्या फेरीला" म्हणून पुढे ढकलतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण बेफिकिरी नसते, हाती आलेले भाडे असते. चाळीस-चाळीस दिवस भाडे अडकवून ठेवणारे आम्हीच, आणि गाडी वाटेत बंद पडली की दंड कापणारेही आम्हीच. भाडे वेळेवर दिले तर त्यातली काही रक्कम वायरीत जाईल आणि आमच्याच गाठी सुखरूप पोहोचतील.

माल चढविण्यापूर्वी ताडपत्री पाहतो तशी एक नजर केबिनच्या वायरिंगवरही टाकावी. उघडे सांधे, फ्यूजच्या जागी तार, बॅटरीवर लोंबणाऱ्या चार-पाच पिना दिसल्या तर ड्रायव्हरभाईला नरमाईने विचारावे. तेवढ्यावर दुरुस्ती झाली तर ठीक, नाही तर त्या दिवशी दुसरी गाडी पाहावी.